कमरेला काय बांधायचं

डोंगराजवळच्या आपल्या मळ्यावर अबू सैफने तीन पिस्तुलं गालिच्यावर ओळीने मांडली आणि पाहुण्यापुढे लाडवांची ताटली सरकवावी त्याच मायेने म्हणाला, "राजा साब, अब तुम बोलो. लडका कौनसा लेगा?"

गालिच्याभोवती बसलेल्या पाचही म्हसकरांनी पिस्तुलांकडे पाहिलं. मग पाचपैकी चौघांनी राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊंनी खजुरांच्या ताटाकडे पाहिलं आणि त्यातला एक उचलून तोंडात टाकला.

गुणवंताची छाती दोन इंच पुढे आली. या क्षणासाठी त्याने सतरा वर्षं मेहनत घेतली होती. एक्याऐंशी साली अबू सैफची गाडी भर वाळवंटात बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत पाच तास होते, आणि सांगण्यासारखं गुणवंताकडे एकच होतं: आपल्या थोरल्या भावाने, राजाभाऊदादाने, चौसष्ट साली संगमेश्वराकडच्या रानात उभ्या बिबट्याला कमरेच्या रिव्हॉल्व्हरने लोळवलं. त्या दिवशी बिबट्या दहा पावलांवर होता. पुढच्या सतरा वर्षांत अबू सैफच्या पंपांच्या दुकानात गुणवंत स्टोअरकीपरचा मॅनेजर झाला, आणि बिबट्या सरकत सरकत तीन पावलांवर आला. गुणवंत खोटं बोलत होता असं नव्हे. त्याचा त्यावर देवाइतका विश्वास होता. आणि देवाचं माहात्म्य सांगताना माणूस अंतरं मोजत बसत नाही.

यंदा दादा पहिल्यांदाच अल ऐनला आले होते. चौसष्ट वर्षांचे, काटक, बोलायला कंजूष. आणि योग असा, की त्याच जानेवारीत अबू सैफच्या डोंगरावरच्या गोठ्यातल्या बकऱ्या रानटी झालेल्या कुत्र्यांच्या टोळीने फाडायला सुरुवात केली. उद्या शुक्रवारी त्याचा मुलगा सैफ रायफल घेऊन वर चढणार होता, आणि बरोबर गुणवंताचा मुलगा वेदांग जाणार होता. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीवर आलेला, एकोणीस वर्षांचा, पाठीला सॅक आणि डोक्यात मोठ्या काकांचा बिबट्या.

"रायफल एकच आहे, ती सैफकडे," वेदांग म्हणाला. "पण डोंगरात अंगावर काही आलं तर कमरेला काहीतरी पाहिजेच ना? बाबा, हे काळं बघा. हलकं आहे. पंधरा राउंड्स बसतात."

"पंधरा कशाला?" त्याची आई प्रमिला म्हणाली. ती खजुरातली बी काढून रुमालात ठेवत होती. घरी नेऊन कुंडीत लावायचा तिचा बेत बारा वर्षं चालू होता. "पंधरा वेळा चुकायला? आणि तुझ्या व्हिसाच्या पानावर काय लिहिलंय ते बघ. स्टुडंट, डिपेंडंट. त्यात पिस्तूल कुठे बसतंय?"

"मेरा जमीन, मेरा लायसन, मेरा मेहमान," अबू सैफ हसत म्हणाला. मराठी त्याला कळत नसे, पण व्हिसा हा शब्द त्याला कुठल्याही भाषेत कळायचा. "प्रमिला बहन, टेन्शन नको." नको हा त्याला येणारा एकमेव मराठी शब्द. सतरा वर्षांत गुणवंताच्या घरी जेवताना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला होता.

"ममा, धिस इज सो बार्बेरिक," मैथिली म्हणाली. ती तेरा वर्षांची होती आणि तिच्या मते जगातली बहुतेक प्रत्येक गोष्ट बार्बेरिक होती. अपवाद फक्त शाळेच्या कॅन्टीनमधल्या फ्राइजचा. "दे आर डॉग्ज!"

"तू गप्प गं. डॉग्ज बकऱ्या खातायत."

"यू ऑल्सो ईट बकऱ्या!"

सगळे पुन्हा पिस्तुलांकडे वळले. मधलं चकचकीत, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर होतं. तिसरं जुनं, लांब नाकाचं, हस्तिदंती मुठीचं. अबू सैफच्या वडिलांचं. ते नुसतं दाखवायला आणलं होतं, पण खानदानी माणसाला लग्नात मागे ठेवत नाहीत, तसं त्यालाही ओळीत बसवलं होतं.

बैठकीच्या कडेला, चपलांच्या रांगेजवळ, केरू बसला होता. म्हसकरांच्याच गावचा, वाडीतला. रास अल खोरला एका गॅरेजात डेंटिंगचं काम करायचा. दादा आलेत म्हटल्यावर मालकाचा पिकअप मागून दीडशे किलोमीटर आला होता, आणि येताना सुरमई घेऊन आला होता. तीनदा बोलावूनही तो गालिच्यावर आला नाही. "हतंच बरा हाय," एवढंच म्हणाला.

"दादा, सांगा ना," गुणवंत म्हणाला. "तुम्ही रिव्हॉल्व्हरवाले. रिव्हॉल्व्हरच बरं ना? अडकत नाही, बिघडत नाही. अबू सैफ, मेरा भाई बोलता..."

"मी काही बोललो नाही," दादा म्हणाले.

"पण बोलणार होतात ना."

दादांनी खजुराची बी प्रमिलाच्या रुमालात टाकली. "रिकामी आहेत का ती?"

अबू सैफने एकेक उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. गुणवंत खूश झाला. जाणत्याची पहिली खूण! त्याने कोपराने प्रमिलाला ढोसलं. तिने त्याचं कोपर परत केलं.

"वेदांग," दादांनी विचारलं, "चढताना कुठे लावशील?"

"इथे." वेदांग उठला, मधलं रिव्हॉल्व्हर उचललं आणि जीन्सच्या पट्ट्यात उजव्या बाजूला खोचलं. मग दोन पावलं ऐटीत चालला. वळताना चपलांच्या रांगेत पाय अडकला, तोल गेला आणि तो केरूच्या खांद्यावर हात टेकून सावरला.

"काढ!"

राजाभाऊंचा एवढा मोठा आवाज गुणवंताने जन्मात ऐकला नव्हता. दादा उभे होते. चेहरा पांढरा फटक, हात पुढे.

"काढ ते! त्याच्यापासून लांब हो आधी. केरू, तू ऊठ तिथून."

"दादा, रिकामं आहे," गुणवंत म्हणाला. "आत्ताच तर..."

"तेसुद्धा रिकामंच असायला पाहिजे होतं," दादा म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

वेदांगने रिव्हॉल्व्हर दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर ठेवावा तसं, गालिच्यावर ठेवलं. अबू सैफने नोकराला कॉफी आणायची खूण केली. अरबांकडे हे चांगलं असतं. काय झालंय हे कळलं नाही तरी कॉफी येते.

"गुणवंता," दादा म्हणाले, "मी बिबट्या मारला नाही."

"तीन पावलांवरचा नसेल," गुणवंत घाईने म्हणाला, "दहा पावलांवरचा असेल. ते अंतर माझ्याकडून जरा..."

"कुठलाच नाही. बिबट्याच नव्हता. आम्ही डुकरांवर गेलो होतो."

मग दादा बोलू लागले. गुणवंताला ते नीट आठवतं, कारण आयुष्यात दादा सलग एवढं त्या एकाच वेळी बोलले.

"मुंबईचा एक गिरणीतला साहेब विलायतेला जाताना रिव्हॉल्व्हर विकून गेला. सहा घरांचं, जुनं. त्याने तीनदा बजावलं, घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. सहाचं हत्यार असलं तरी पाचच भरायची. घोडा काडतुसावर टेकलेला असला आणि हत्यार दगडावर आपटलं, की बार उडतो. चाप ओढावा लागत नाही. सगळं मला माहीत होतं. आणि त्या दिवशी मी सहाच्या सहा भरली."

"का पण?" प्रमिलाने विचारलं.

"पाच घेऊन गेलो असतो तर लोक काय म्हणाले असते."

"भाऊजी, आत किती आहेत ते बाहेरून कुणाला दिसणार होतं?"

"कुणालाच नाही," दादा म्हणाले. "तरी."

बसलेल्यांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी असंच सहावं भरलेलं होतं, गुणवंताने तर सतरा वर्षं.

"रान उठवायचा हाका संपला होता. डुकरं कधीच निसटली होती. हाकेवाले परत येत होते, डबे वाजवत, हसत. पऱ्ह्याच्या पाण्यात उतरताना माझा पाय शेवाळावर गेला. कमरेवर पडलो. पुढे तुझा बाप होता, केरू."

केरू चपलांच्या रांगेजवळ उभाच होता.

"गुडघ्यात लागली. बाकीचे मागे होते, त्यांना वाटलं मी डुकरावर बार काढला. मी तुझ्या बापाला पाठीवर घेतला आणि देवरुखच्या डॉक्टरकडे नेला. वाटेत तो मला म्हणाला, दगडावर पडलो म्हणून सांगू. आणि मी हो म्हणालो. हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं. तुझा बाप जन्मभर लंगडला, आणि मी हो म्हणालो ते म्हणालोच."

"आणि बिबट्या?" गुणवंताचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटला.

"तू तेरा वर्षांचा होतास. दादाच्या कपड्यांना रक्त कसलं, म्हणून आठ दिवस आईच्या मागे लागला होतास. नवव्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, बिबट्याचं. मग तू गप्प बसलास. नंतर तुझं तोंड बघून मला सांगवेना."

"क्या बोलता राजा साब?" अबू सैफने विचारलं.

आणि इथे गुणवंताच्या लक्षात आलं, की या बैठकीत दुभाषा तोच आहे. दादांना हिंदी बेताचीच. अबू सैफला मराठी 'नको'पुरती. बिबट्या अजून जिवंत होता, म्हणजे मेलेला होता. एका वाक्याचं काम होतं. भाई बोलता, बडा जंगल में छोटा हत्यार काम का नहीं. दादांची इज्जत राहील, आपली राहील, दुकानातल्या सगळ्या सेल्समनना सतरा वर्षं ऐकवलं त्याची राहील. त्याने तोंड उघडलं. समोर केरू उभा होता. तोंड उघडंच राहिलं.

"अंकल," मैथिली म्हणाली, "देअर वॉज नो लेपर्ड. मोठे काका शॉट केरूकाकाज फादर. बाय मिस्टेक. अँड ही नेव्हर टोल्ड एनीवन."

अबू सैफचं इंग्रजी मराठीपेक्षा बरं होतं. त्याने गुणवंताकडे पाहिलं. गुणवंताने मान हलवली. तेवढी हलवायला त्याला बराच वेळ लागला.

अबू सैफने तिन्ही पिस्तुलं एकेक करून पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "खलास," तो म्हणाला. मग दादांच्या पेल्यात स्वतःच्या हाताने कॉफी ओतली.

केरू बाहेर निघून गेला.

गुणवंत मागोमाग गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण घरचा माणूस म्हणून कुणीतरी जायला हवं होतं. केरू पिकअपला टेकून उभा होता. समोर उघडाबोडका तांबूस डोंगर, भाजलेल्या मडक्यासारखा.

"केरू, दादांचं वय झालंय. तू मनावर..."

"भाऊ, मी बापसाला शिमग्यात पालखीला खांद्यावर बसवून न्यायचो," केरू म्हणाला. "सगळी पोरं बापसाच्या खांद्यावर. मी बापसाला घेऊन. मी त्या दगडाला जाऊन शिव्या दिल्या हायत. ज्या दगडावर पडला म्हणायचा ना, त्या. लहानपणी. रोज."

गुणवंतही डोंगराकडे बघू लागला.

"किती वाजले?" केरूने एकदम विचारलं.

"साडेचार."

"म्हणजे तकडं सहा. आये पीसीओवर येऊन बसली असंल. गुरवारी सहाला फोन करतो मी." तो वळला आणि बैठकीच्या दारात जाऊन उभा राहिला. "दादा, उठा. माज्या आयेला तुमीच सांगा. मी न्हाय सांगणार."

राजाभाऊ उठले. सत्तर मैल चालत जायला सांगितलं असतं तरी त्याच चेहऱ्याने उठले असते.

अबू सैफचा मोबाइल फक्त पाण्याच्या टाकीपाशी लागायचा. त्यामुळे म्हसकर कुटुंब, केरू, अबू सैफ आणि कॉफीवाला नोकर, अशी सगळी वरात टाकीपाशी जाऊन उभी राहिली. केरूने नंबर फिरवला, "आये, दादा बोलतायत," म्हणाला आणि फोन दादांच्या हातात दिला.

फोनवर ठकुबाईचा सिद्धान्त असा होता, की जितकं अंतर जास्त तितकं ओरडायला हवं. संयुक्त अरब अमिराती तिच्या हिशेबाने चंद्राच्या जरा अलीकडे होती. त्यामुळे तिचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू येत होता.

"कोन दादा? राजाभाऊ? बरं हायसा न्हवं? केरू जेवतो का येळेवर?"

"ठकू," दादा म्हणाले, "त्या दिवशी पऱ्ह्यात तुझा नवरा दगडावर पडला नाही. माझ्या हत्यारातून..."

"गोळी लागली," ठकुबाई ओरडली. "मग? ते काय मला ठावं न्हाय? त्या रातीच सांगितलान मला."

दादांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि पुन्हा जवळ घेतला.

"तुला माहीत होतं?"

"पट्टी कोन बांधत होता, तुमी? गोळीचं भोक आनि दगडाची खोक कळत न्हाय व्हय मला? तो म्हनाला, ठके, त्यो मानूस वाटभर रडत होता. मला दुखत होतां तरी मी त्यालाच गप कर गप कर म्हनत होतो. आता ठाण्यात गेला तर आनखी रडंल. म्हून ऱ्हाऊ दे म्हनाला."

"मग तू मला कधी बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? गोळी तुमची, बोलायचां तुमी. तेहतीस शिमगे वाट बगितली. दर शिमग्याला मटन धाडता, आनि तोंडातनं अक्षर न्हाय. बरां झालां, सांगितलांत ते. आता धाडाल ते जरा मऊ धाडा, दात ऱ्हायले न्हायत. केरूला द्या फोन. त्याला सांगा, बापूस म्हनायचा, राजाभाऊचा राग करशील तर माजा मुलगा न्हवंस. म्हून तुला सांगितलां न्हाय. आनि ठेवा आता, पीसीओवाला शटर ओढतोय!"

फोन बंद झाला. टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं. दादा टाकीकडे तोंड करून उभे राहिले आणि कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्रमिलाने पदराने स्वतःचेच डोळे पुसले, आणि मैथिलीने तिचा पदर तिच्या हातातून घेऊन त्यालाच नाक पुसलं.

केरूने पायाने दोन-चार खडे उडवले. मग म्हणाला, "तुमी रडलात त्यो भाग मगाशी न्हाय सांगितलात."

"मला वाटलं होतं, त्यानेही तो कुणाला सांगितला नसेल," दादा म्हणाले.

केरूला हसू आलं. येऊ नये म्हणून त्याने बराच प्रयत्न केला, पण आलं.

अबू सैफने घसा साफ केला. ही सगळी घडामोड त्याला मैथिलीने कानात सांगितली होती, स्वतःच्या शेऱ्यांसकट. "सब ठीक. अल्हम्दुलिल्लाह. लेकिन राजा साब, मेरा बकरी?"

प्रश्न रास्त होता. कुत्री डोंगरावर होतीच.

दादांनी डोंगराकडे पाहिलं. या वेळी ते वेगळ्या नजरेने पाहत होते. कुठे घळ उतरते, वारा कुठून येतो. "केरू, ती मधली घळ बघ. वरून दाबलं तर खाली कुठे निघतील?"

"त्या खालच्या रिकाम्या कुंपणात," केरू म्हणाला. "दोन्हीकडं कडा हाय. दुसरीकडं जागाच न्हाय."

"कितीजण लागतील?"

"धा-बारा. आमच्या वाडीतले असते तर सात."

"गुणवंता, सांग त्याला. बंदूक नको. माणसं दे आणि डबे दे. वाजवत वाजवत रान उठवायचं, कुत्री कुंपणात उतरवायची, फाटक लावायचं. पुढे काय ते म्युनिसिपालिटी करेल."

गुणवंताने सांगितलं. या खेपेला एक शब्दही मोठा केला नाही. अबू सैफने दोनदा विचारून खात्री करून घेतली, की खरंच नुसता आवाज करायचा आहे. मग तो इतका हसला की त्याला टाकीला धरावं लागलं. "ये काम मेरा नौ बच्चा लोग रोज करता! घर में! इन्शाल्ला, सुबह छे बजे."

"सो नोबडी डाइज?" मैथिलीने विचारलं.

"कुणी नाही," दादा म्हणाले.

"देन आय ऑल्सो वाँट अ डबा."

सकाळी सहाला निघायच्या वेळी गुणवंताने सवयीने आपल्या गाडीचं पुढचं दार दादांसाठी उघडलं. दादा पुढून चालत गेले आणि केरूच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. गुणवंत क्षणभर दार धरून तसाच उभा राहिला. बिबट्या मारलेला भाऊ त्याला तेहतीस वर्षं होता, आणि तो कालच गेला. जो पिकअपमध्ये बसला होता त्याची ओळख अजून व्हायची होती. त्याने दार लावलं, गाडी प्रमिलाच्या हवाली केली आणि वेदांग-मैथिलीबरोबर पिकअपच्या हौद्यात चढला. सेहेचाळिसाव्या वर्षी, मॅनेजर असून.

वेदांगच्या कमरेला सुतळीने तुपाचा रिकामा डबा बांधलेला होता. हातात लाकडी दांडका. पंधरा राउंड्सवरून तो इथे कसा आला हे कॉलेजात सांगताना जरा अवघड जाणार होतं, पण त्याचा चेहरा काही पडलेला नव्हता.

पुढच्या सीटवर दादांचं आणि केरूचं जुंपलं होतं. हाक्याची पहिली आरोळी कुणी द्यायची आणि कुठल्या पट्टीत, यावर वाद होता. दादांचं म्हणणं, केरूच्या बापाची आरोळी वरच्या पट्टीतली. केरू म्हणत होता, "तुमाला काय ठावं, तुमी मागं असायचात! खालनं सुरू करायचा आनि वर न्यायचा." दादा म्हणाले, "मी त्याच्या दोन हात मागे असायचो, मला ऐकू यायचं." दोघांनी आपापली आरोळी देऊन दाखवली. रस्त्याकडेच्या उंटाने मान वळवली.

वेदांगला राहवलं नाही. त्याने दांडका डब्यावर हाणला.

"आत्ता नाही रे!" दादा आणि केरू खिडक्यांतून डोकी बाहेर काढून एकदम ओरडले.